विंचवाचा कच्चा रंग

नौपाडा, ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. अद्वय म्हणतो, "आई, तिने तुला ब्लॉक केलंय, बाकी काही नाही." मी त्याला म्हटलं, आपल्या घरातली मुलगी आहे, असं करेल का? पण लागतच नाही, तेव्हा शेवटी कागद घेऊन बसले. किती वर्षांनी पत्र लिहिते आहे. शेवटचं बहुतेक लग्न ठरल्यावर तुझ्या काकांना लिहिलं होतं, आणि त्यातही सासूबाईंच्या तब्येतीचीच चौकशी जास्त होती.

सगुणाच्या तेराव्याला तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. आई गेल्यावर मुलीचं चित्त थाऱ्यावर नसतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. थोरल्या जावेने मनावर घ्यायचंही नसतं.

आता कामाचं. जानेवारीत इथे ठाण्यातच एक प्रदर्शन आहे, हाताने विणलेल्या सतरंज्या आणि गालिच्यांचं. नुसतं मांडायचं नाही. प्रत्येक नक्षीत कुठली चिन्हं आहेत आणि त्यांचा अर्थ काय, याचं छापील कार्ड शेजारी लावायचं, अशी आयोजकांची कल्पना. माझ्या स्टुडिओतल्या सहा सतरंज्या त्यांनी निवडल्या. सहाही सगुणाच्या हातच्या. मी नेटवर बघून मजकूर तयार केला आहे: मासा म्हणजे समृद्धी, नागमोडी रेघ म्हणजे वाहतं पाणी, चौकटीतला ठिपका म्हणजे देवीचा डोळा, फणी म्हणजे सौभाग्य. विंचवाचं मात्र जमत नाही. कुठे लिहिलंय संरक्षण, कुठे लिहिलंय वासना. वासना कशी लिहू गं कार्डावर? अद्वयच्या सासरची माणसं बघायला येणार आहेत. फेब्रुवारीत लग्न आहे त्याचं. मुलगी वर्तकनगरची, ऐश्वर्या नाव. पत्रिका येईलच तुला.

विंचवाची ती छोटी सतरंजी आठवते ना? तुम्ही दोघी आमच्याकडून डोंबिवलीला राहायला गेलात तेव्हा सगुणाने जाताना मला दिलेली. दोन माणसं जेमतेम बसतील एवढीच. मी ती वापरली नाही गं. फ्रेम करून हॉलमध्ये लावली. आठ वर्षं काचेआड आहे. ऊन नाही, धूळ नाही, पाण्याचा थेंब नाही. लोक म्हणतात जावा-जावा भांडून वेगळ्या झाल्या. मी त्यांना ती सतरंजी दाखवते. राग असता तर एवढं सुंदर काही दिलं असतं का कोणी?

तेवढा विंचवाचा अर्थ कळव. तुझा तर अभ्यासच कापडाचा आणि रंगाचा आहे.

तुझी,
शालूकाकू


कोपर, डोंबिवली पश्चिम
१७ नोव्हेंबर २०२४

शालूकाकू,
नमस्कार.

पत्र मिळालं. अद्वय म्हणाला ते बरोबर आहे. नंबर उघडणार नाही. बोललेलं पुढे ज्याला जसं सोयीचं तसं आठवतं. लिहिलेलं तसंच राहतं. यापुढेही लिहूनच विचारा.

तुमच्या मजकुरात चुका आहेत.

नागमोडी रेघ म्हणजे पाणी नाही. आईच्या माहेरी, सोलापूरच्या पलीकडे, वाहतं पाणी कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. ती विहिरीकडे जाणारी वाट आहे. रेघेला वळणं जितकी जास्त, तितकी विहीर लांब. तुमच्याकडच्या निळ्या सतरंजीत सगळ्यात जास्त वळणं आहेत. ती आईने नौपाड्यात विणली, जिथे नळ स्वयंपाकघरातच होता.

चौकटीतला ठिपका देवीचा डोळा नाही. ते वरून पाहिलेलं उखळ आहे. ज्या घरात बाईचा हात रिकामा राहत नाही, त्या घराच्या सतरंजीत ते विणतात. तुमच्या हॉलमधल्या मोठ्या सतरंजीचा पूर्ण काठ उखळांचा आहे.

मासा माहेरचा नाही. तो आई ठाण्यात शिकली. चंद्रभागा कोळीण तुमच्या दारावर यायची. तुम्ही पापलेट निवडत असायचात तोवर ती आत वाकून आईच्या मागाकडे बघायची. एकदा म्हणाली, "आमच्या खाडीत असा मासा नाय गो बाय. डोलं वर काढ, निवटीसारखं." तेव्हापासून आईच्या माशाचे डोळे डोक्यावर आहेत. म्हणजे ती समृद्धी नाही. ती चिखलातली निवटी आहे. वास येतो म्हणून तुम्ही घरात आणू द्यायचा नाहीत, ती.

फणी सौभाग्याची नाही. तो पंजा आहे, बाणा म्हणजे आडवं सूत ठोकून बसवायचं विणकराचं हत्यार. प्रत्येक बाई आपला पंजा आहे तसा विणते. आईच्या पंजाचा कडेचा एक दात अर्धा मोडलेला होता, म्हणून तिच्या प्रत्येक सतरंजीच्या कोपऱ्यातल्या फणीला एक दात आखूड आहे. ती तिची सही आहे.

तेव्हा एक प्रश्न. तुमच्या कार्डावर "विणकर" या शब्दापुढे काय लिहिलं आहे?

विंचवाबद्दल सतरंजी पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. आठ वर्षं काचेआड असेल तर आत ओल धरलेली असू शकते. प्रदर्शनाआधी तपासायला हवी. अद्वयकडे पाठवा. फ्रेम काढू नका, मी काढेन.

वर्षाली


नौपाडा, ठाणे
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वर्षाली,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपल्याकडचे पाहुणे निवट्यांवर बसून श्रीखंड खात होते." आम्ही दोघं हसलो. पण गंमत सोडली तर तुझं लिहिणं जरा बोचरं आहे हं. उखळ काय, विहीर काय. नक्षी आहे गं ती. सगुणाच्या मनात असलं काही नव्हतं. ती साधी होती.

कार्डावर "संग्रह: शालिनी स्टुडिओ, ठाणे" असं आहे. सगळ्यांचं तसंच असतं. घरच्या घरात नाव काय घालायचं? मी कुठे माझंही नाव विणकर म्हणून लिहिलंय?

आणि तू का चिडलेली आहेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. ते आपलं पहिलं प्रदर्शन, हॉलमध्ये मांडलेलं. एका बाईने विचारलं, हे सगळं विणतं कोण, आणि मी म्हणाले, "गावाकडची बाई ठेवली आहे." एवढंच ना? गिऱ्हाइकापुढे काय सगळी वंशावळ सांगत बसू? धाकटे दीर गेले, जाऊ आणि पुतणी आमच्याकडे असतात, हे सांगितलं असतं तर तुम्हालाच कसंतरी झालं असतं. सगुणा समोर मागावर होती. हसली पण. त्यानंतर महिनाभर घरात काही बोलणं नाही, चालणं नाही, आणि एक दिवस म्हणाली, ताई, आम्ही कोपरला खोली बघितली. जाताना हातात ती सतरंजी ठेवली आणि पाया पडली. पाया पडली गं ती माझ्या. तू मात्र चपला घालून दाराबाहेर उभी होतीस.

अद्वयबरोबर फ्रेम पाठवते आहे. जपून. तीच प्रवेशाच्या भिंतीवर लागणार आहे, आयोजकांना फार आवडली. लाल रंग कसला ताजा राहिलाय, बघ.

आता सांग. हा विंचू कसला आहे?

शालूकाकू


कोपर
१ डिसेंबर २०२४

शालूकाकू,

सतरंजी मिळाली. काच काढली. मागच्या पुठ्ठ्याला ओल होती, सतरंजीला लागलेली नाही. ताणा मजबूत आहे. कडा सुटलेल्या नाहीत. रंगाची तपासणी करून परत पाठवते.

आयोजकांचा पत्ता अद्वयने दिला. त्यांना विंचवाचा मजकूर वेळेत हवा आहे, तो मी थेट पाठवीन. तुम्हाला मधे त्रास नको.

तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर त्यानंतर.

वर्षाली


कोपर
५ जानेवारी २०२५

शालूकाकू,
नमस्कार.

सतरंजी परवा अद्वय घेऊन गेला. नक्षी आणि रंग तुम्ही पाठवलेत तसेच आहेत.

तुम्ही विचारलं होतं, हा विंचू कसला. नऊ वर्षं होत आली, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. ते कार्डासाठी विचारलंत, तरी विचारणं ते विचारणं.

माझ्या आजीच्या घरात आणि शेजारच्या दोन-तीन घरांत एक रीत होती. बाहेर कुठे ती आहे असं मी ऐकलेलं नाही. ज्या घरात बाईचा अपमान झाला, ते घर सोडताना ती एक छोटी सतरंजी विणते आणि त्या घरातल्या बाईच्या हातात देते. मधोमध विंचू. बाकी सगळे रंग पक्के, फक्त विंचवाचा लाल कच्चा. रंग पक्का करणारं मीठ-सोडा न घालता नुसत्या रंगाच्या गरम पाण्यात बुडवलेलं सूत. देणारीने काही सांगायचं नाही. घेणारीने विचारायचं. विचारलं की देणारीने सांगायचं, आणि घेणारीने तिच्यासमोर, आपल्या हाताने, ती सतरंजी धुवायची. लाल वाहून जातं. विंचवाच्या जागी फिकट डाग राहतो. मग दोघींनी त्यावर बसून जेवायचं. विषय संपला.

न धुतलेली सतरंजी म्हणजे अपमान तसाच आहे.

तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तिला काच लावलीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलीत.

आई दर संक्रांतीला मला विचारायची, "नौपाड्याहून काही निरोप?" मी नाही म्हणायचे. ती म्हणायची, "ताईंना वेळ नसेल." मग तिळगूळ देवापुढे ठेवायची. श्रावणात ती गेली, तोवर निरोप आला नव्हता.

तुमच्या पत्रात त्या प्रदर्शनाची एक गोष्ट राहिली. त्या दिवशी चहाचा ट्रे माझ्या हातात होता. त्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ही?" तुम्ही म्हणालात, "तिचीच मुलगी. हाताखाली असते." मी तेव्हा अकरावीत होते. आई हसली नव्हती. तुम्ही तिच्याकडे बघितलंच नव्हतंत, त्यामुळे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

आयोजकांना मी रीत तेवढी लिहून दिली आहे. कोणाचं नाव घातलेलं नाही. शेवटचं वाक्य "ही सतरंजी २०१६ पासून धुतलेली नाही" असं आहे. त्याखाली "संग्रह" या शब्दापुढे काय येतं, ते तुम्हीच त्यांना दिलेलं आहे.

वर्षाली


नौपाडा, ठाणे
१३ जानेवारी २०२५

वर्षाली,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र आणि छापलेलं कार्ड मला एकाच दिवशी मिळालं, उद्घाटनाच्या सकाळी. मी आयोजकांना म्हटलं हे काढा. त्या म्हणाल्या, "अहो शालिनीताई, हेच तर सगळ्यात चांगलं कार्ड आहे." पहिल्या भिंतीवर सतरंजी, खाली तो मजकूर, आणि त्याखाली माझं नाव. लोक वाचायचे आणि वळून माझ्याकडे बघायचे. ऐश्वर्याची आई आली होती, तिच्या दोन बहिणींना घेऊन. तिने शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग मला म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या घरात कोणाचा अपमान झाला होता?" मी काय सांगू? मी म्हणाले, जुनी गोष्ट आहे, गैरसमज. तर ती म्हणाली, "मग धुतली का नाहीत?" मुलगी देणाऱ्या घरची बाई आहे ती. तिच्या डोक्यात काय आलं असेल ते मला दिसत होतं.

अद्वय माझ्यावरच उखडला. "आई, तू सीरियसली असं बोलली होतीस? काकी समोर बसलेली असताना?" पोटच्या मुलाने विचारलं मला.

मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी धुतली नसती का? मनकवडी आहे का मी? विंचू दिला हातात आणि समजून घे म्हणे. आमच्या माहेरी राग आला तर तोंडाने बोलतात.

पण असो. तू लिहिलं आहेस, देणारीसमोर धुवायची. ती नाही. तिची मुलगी तर आहे? प्रदर्शन संपलं की मी ती सतरंजी घरी आणते. दोन फेब्रुवारीला रविवार आहे. गच्चीवर सगळ्यांसमोर धुते. विहीणबाईंनाही बोलावते, त्यांच्या मनात राहायला नको. तू ये. मी स्वतः स्वयंपाक करते, दोघी त्यावर बसून जेवू. ये बाळा. नाही म्हणू नकोस.

शालूकाकू


कोपर
१९ जानेवारी २०२५

शालूकाकू,

देणारी नसेल तर तिच्या मुलीसमोर धुतात. आजीने तसं एकदा केलेलं आहे. येईन.

साबण वापरू नका. रिठ्याचं पाणी, गार. घासायचं नाही, दाबून दाबून धुवायचं. भांडं पांढरं घ्या, स्टीलचं किंवा रंगीत नको. पाण्यात काय उतरतं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

जेवायला थांबणार नाही.

वर्षाली


नौपाडा, ठाणे
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय वर्षाली,
आशीर्वाद.

तू रविवारी चहासुद्धा न घेता जिना उतरलीस, त्यामुळे पुढचं तुला कळलं नसेल. म्हणून लिहिते.

मी तुझ्यासमोर किती वेळा धुतली ते तू पाहिलंस. पांढरा एनॅमलचा टब मुद्दाम आणला होता. रिठ्याचा फेस, मळाचं जरासं करडं पाणी, आणि लाल म्हणशील तर थेंब नाही. माझी बोटं बधिर झाली. काका म्हणत होते पुरे आता. विंचू तसाच, उलट प्रदर्शनातली धूळ निघाल्यावर आणखीच लाल. मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं.

पण तू गेल्यावर विहीणबाई जवळ आल्या. माझे ओले हात आपल्या पदराने पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून केलंत. समोरच्या माणसानेच सोडलं नाही त्याला तुम्ही काय करणार? मेल्या माणसाची एवढी अढी बरी नव्हे." त्यांच्या बहिणीही तेच म्हणाल्या. ऐश्वर्या तर रडली. माझ्यासाठी रडली गं ती. अद्वयसुद्धा बोलायला लागला माझ्याशी.

खरं सांगू, मला त्या दिवसापासून हलकं वाटतंय. माझ्या बाजूने मी मोकळी झाले. राहिलं ते सगुणाचं. मी तिला साधी समजत होते. चूक झाली.

आता एक आठवण सांगते, तुला माहीत नसेल. मागच्याच्या मागच्या मार्गशीर्षात, म्हणजे जायच्या आधी सात-आठ महिने, सगुणा आमच्याकडे आली होती. इथल्या डॉक्टरांना दाखवायला आली होती, तिथून चालत आली. वर्षालीला सांगू नका म्हणाली. पाणी प्यायली, फ्रेमसमोर जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "ताई, काच काढा हो हिची. जरा पाणी लागू द्या." मी म्हटलं, वेडी आहेस का, रंग गेला म्हणजे? तर हसून म्हणाली, "गेला तर जाऊ दे की." मला तेव्हा बिचारीचं कौतुक वाटलं होतं. आता कळतं. तोंडावर गोड आणि पोटात विंचू. नऊ वर्षं पाण्यालाही दाद देऊ नये, एवढं विष.

तुझी एक तक्रार मात्र मी दूर केली. तू म्हणत होतीस ना नावाचं? सतरंजी पुन्हा हॉलमध्ये लावली आहे, आणि कार्ड बदलून घेतलं आहे. विणकर म्हणून सगुणाचं नाव घातलंय, मोठ्या अक्षरात. शेवटचं वाक्य "सर्वांसमोर धुतली, तरी रंग उतरला नाही" असं केलं. कोणाचं मन केवढं, ते लोकांना कळू दे.

लग्न तेवीसला आहे. पत्रिका पाठवली आहे, विहीणबाईंनीही त्यांची पाठवली. ये. मी तुला त्यात धरत नाही.

तुझी,
शालूकाकू


कोपर
१० फेब्रुवारी २०२५

शालूकाकू,

आई नौपाड्याला येऊन गेली हे मला माहीत नव्हतं. तुमचं पत्र मी तेवढ्या परिच्छेदासाठी पुन्हा वाचलं.

देणारीने सांगायचं नाही, अशी रीत. ती मोडून आई स्वतः सांगायला आली. काच काढा, पाणी लागू द्या, रंग गेला तर जाऊ दे. यापेक्षा सरळ कसं सांगतात ते मला माहीत नाही. तुम्ही तेव्हाही रंगाची काळजी केलीत. आता त्याच वाक्यात तुम्हाला विष दिसतं आहे. ते तिथे नाही.

रविवारी लाल का उतरलं नाही, ते सांगते.

तुमच्याकडून फ्रेम आली त्याच दिवशी मी विंचवाच्या नांगीवर ओलं पांढरं कापड दाबून पाहिलं. कापड लगेच लाल झालं. आईने रीत अचूक पाळली होती. तुम्ही ती सतरंजी कधीही धुतली असतीत, पहिल्या दिवशी, आठव्या वर्षी, तरी विंचू पहिल्याच पाण्यात गेला असता.

त्यानंतर मी विंचवावर रंग पक्का करणारं द्रावण चढवलं. बारीक ब्रशने, दोन्ही बाजूंनी, खाली टिपकागद धरून, शेजारच्या पांढऱ्या सुतावर लाल न जाऊ देता. वाळवलं, पुन्हा चढवलं. मग परत ओलं कापड दाबलं. पांढरं राहिलं. रिठ्याच्या पाण्यातही ठेवून पाहिलं. मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे कापडाचा रंग उतरतो की नाही हेच दिवसभर तपासतात, त्यामुळे यात चूक होण्याचा संभव नव्हता. "नक्षी आणि रंग तुम्ही पाठवलेत तसेच आहेत" असं मी लिहिलं होतं. ते खरं होतं. ते तसेच राहतील एवढंच लिहिलं नव्हतं.

तुम्ही सगळ्यांसमोर धुवाल हे मला माहीत होतं. तुम्ही एकटीने कधीच काही केलं नाहीत. पांढरं भांडं मी त्यासाठीच सांगितलं. तुमचे हात पाण्यात लाल शोधत होते तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मला हवं होतं ते मिळालं असं मला जिना उतरताना वाटलं.

लोक त्याचा दोष आईला देतील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. ती चूक माझी. दुरुस्त करते आहे.

आई येऊन गेल्याचं मला डिसेंबरात कळलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. माहीत नाही ते मी लिहीत नाही.

वर्तकनगरचा पत्ता विहीणबाईंच्या पत्रिकेवर होता. तुमचं सहा तारखेचं पत्र आणि माझं हे, दोन्हींच्या प्रती त्यांना आज सकाळी पोस्टाने पाठवल्या. त्या तेवीसच्या आत पोचतील. लग्न मोडावं अशी माझी इच्छा नाही. ऐश्वर्याने माझं काही केलेलं नाही. कोणाचं मन केवढं, ते कळावं असं तुम्हीच लिहिलंत.

सतरंजी परत मागणार नाही. ती आईने तुम्हाला दिली आहे. पुन्हा धुऊ नका, उपयोग नाही. आईने माफ केलं होतं, सांगायला तुमच्या दारापर्यंत चालत आली होती. तिचा विंचू केव्हाच गेला. भिंतीवर आहे तो माझा आहे, आणि तो कुठल्याही पाण्यात उतरणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

वर्षाली